गल्लीत एक मातीची भट्टी असावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत नाशिकच्या गंगापूर रोड, त्र्यंबक रोड आणि मखमलाबाद परिसरातील बंगल्यांच्या अंगणांत, तसेच मळ्यातील घरांसमोर, लाकडावर चालणाऱ्या घुमटाकार भट्ट्या दिसू लागल्या आहेत. कोणी पिझ्झासाठी बांधतो, कोणी घरच्या पावासाठी, तर कोणी मुलांना मातीत हात घालता यावेत म्हणून. ही हौस मला मनापासून आवडते. माझ्या घरामागेही अशी भट्टी आहे आणि शेजारची घरेही ती वापरतात. परंतु आजूबाजूला पाहिलेल्या भट्ट्यांपैकी बऱ्याचशा चुकीच्या सामानाने आणि घाईने बांधलेल्या असतात. त्या पहिल्याच पावसाळ्यात भेगाळतात, लाकूड अवाच्या सवा खातात, शेजाऱ्यांच्या घरात धूर सोडतात आणि पाच-सात वेळा पेटवून झाल्यावर त्यांच्यावर कुंड्या येऊन बसतात. मातीची भट्टी ही बांधण्याजोगी आणि जपण्याजोगी वस्तू आहे, मात्र तिची रचना नीट समजून घेतली आणि ती अनेक घरांनी मिळून वापरली तरच, असे माझे ठाम मत आहे. ते कारणांसह मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अर्धवट माहितीवर बांधकाम काढले की सामानही वाया जाते आणि उत्साहही, म्हणून पत्र लांबले तरी तपशील वगळलेले नाहीत.

भट्टीचे काम चुलीपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालते. चुलीवर भांडे आणि जाळ एकाच वेळी लागतात. जाळ विझला की स्वयंपाक थांबतो. घुमटाच्या भट्टीत जाळ आतच करतात, तो दोन-अडीच तास चालतो, त्याची उष्णता तळाच्या विटांत आणि घुमटाच्या मातीत मुरते, आणि मग निखारे बाजूला सारून किंवा बाहेर ओढून त्या मुरलेल्या उष्णतेवर पदार्थ भाजले जातात. आतून ३० इंच व्यासाच्या आणि ४ इंच जाडीच्या मातीच्या घुमटाचे वजन सव्वादोनशे-अडीचशे किलो भरते. तळाच्या विटांचे ५० ते ६० किलो वेगळे. एक किलो माती किंवा वीट एका अंशाने तापायला साधारण ०.९ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे हा सगळा ऐवज सरासरी २५० अंशांनी तापला तर त्यात ६५ ते ७० हजार किलोज्यूल साठतात. उन्हात चांगल्या वाळलेल्या एका किलो लाकडातून १५ ते १६ हजार किलोज्यूल मिळतात. या हिशेबाने चार-साडेचार किलो लाकूड पुरायला हवे; प्रत्यक्षात १२ ते १५ किलो जाळावे लागते, कारण बरीच उष्णता धुराबरोबर तोंडातून निघून जाते. पण ज्या भट्टीच्या तळाखाली आणि घुमटावर उष्णता अडवणारा थर नाही, तिला याच्या दुप्पट लाकूड घातले तरी पाव कच्चे राहतात, कारण आतून भरलेली उष्णता खालच्या दगडमातीत आणि बाहेरच्या हवेत सतत निसटत असते.

हा थर म्हणजेच भट्टीचा जीव, आणि नेमका तोच लोक गाळतात, कारण तो बांधून झाल्यावर दिसत नाही. तळाच्या विटा थेट काँक्रीटच्या ओट्यावर बसवल्या की घुमट तापतो, तळ मात्र तापत नाही. पदार्थ वरून करपतो आणि खालून पांढरा राहतो. यावर उपाय अवघड नाही आणि त्याचे सामान आपल्या जिल्ह्यात जितके सहज मिळते तितके इतरत्र क्वचितच मिळेल. ओट्यावर रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या रचून मधल्या जागेत भाताच्या तुसाची राख दाबून भरावी. हा थर ६ ते ८ इंचांचा असावा. वाइनरींच्या या जिल्ह्यात भंगारवाल्याकडे रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही, आणि घोटीकडच्या भाताच्या गिरण्यांतून तूस मिळते. तुसाच्या राखेत ८५ टक्क्यांहून अधिक सिलिका असते आणि ती इतकी सच्छिद्र असते की उष्णता तिच्यातून फार सावकाश जाते. ज्यांना तुसाची राख मिळत नाही त्यांनी रोपवाटिकेत मिळणारे परलाइट वापरावे. त्यावर माती-वाळूचा दोन इंचांचा थर पाणसळीत बसवून घ्यावा आणि मग तळाच्या विटा चुना-सिमेंट काही न लावता एकमेकींना घट्ट भिडवून ठेवाव्यात, म्हणजे पुढे एखादी वीट तडकली तर तेवढीच बदलता येते. तळासाठी उच्च तापमानाला टिकणारी फायर ब्रिकच घ्यावी. सातपूर-अंबडकडे फौंड्री आणि फर्नेसचे सामान विकणाऱ्यांकडे चौकशी केल्यास ती मिळते. घुमटावरचा थर आणखी सोपा आहे: चिकण मातीचा पातळ राबडा करून त्यात मावेल तितके तूस किंवा गव्हाचा भुसा कालवावा आणि तो लगदा चार इंच जाडीने थापावा. आतल्या बाजूचे तूस पुढे उष्णतेने जळते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. घुमटाला ही गोधडी पांघरली की रात्री आठला बंद केलेली भट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीही हाताला चांगली गरम लागते.

मातीविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण नाशिकमध्ये इथेच पहिली अडचण येते. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे आणि तिच्यातले चिकण कण पाणी शोषून फुगतात व वाळताना तेवढेच आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. या मातीचा घुमट कितीही निगुतीने थापला तरी वाळता वाळता उभा चिरतो. त्याऐवजी कुंभाराकडची तयार माती, गावाच्या पांढरीतली (जुन्या वस्तीच्या जागेची) माती किंवा डोंगरउताराची तांबूस चिकण माती चाळून घ्यावी. घरातील चुली घालण्यासाठी आपल्या आजीच्या पिढीतल्या बायका वारुळाची माती आणत, तीही उत्तम. मात्र नांदते वारूळ फोडू नये. जुन्या नाशकातल्या काझीगढीसारख्या टेकाडांची माती कोणी उकरू नये, हेही इथेच सांगतो. ती गढी आधीच नदीच्या बाजूने ढासळते आहे, आणि तिच्या पोटात या शहराचा फार जुना इतिहास आहे.

माती पारखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकावे, जोरात हलवावे आणि बरणी हलणार नाही अशी ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ तास-दोन तासांत आणि चिकण माती त्यानंतर सावकाश, कधी कधी पूर्ण दिवस घेऊन. थर मोजले की आपल्या मातीत चिकणपणा किती ते कळते. त्यानंतर एक भाग चिकण मातीला दोन, अडीच, तीन भाग वाळू अशी वेगवेगळी प्रमाणे घेऊन छोट्या विटा पाडाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि जी चिरत नाही व नखाने भुरभुरतही नाही ते प्रमाण धरावे. वाळू धारदार कणांची हवी. दगड फोडून केलेली क्रश सँड या कामाला नदीच्या गुळगुळीत वाळूपेक्षा सरस ठरते, कारण तिचे कोन एकमेकांत अडकतात. शिवाय गोदावरीच्या पात्रातून वाळू उपसण्याच्या पापात आपण सहभागी होत नाही. माती मळण्यात कसर करू नये. ताडपत्रीवर पायांनी तुडवत, ताडपत्री उलटत, पुन्हा तुडवत राहावे. जुन्या नाशकातल्या एका वयस्कर कुंभारबाबांनी माझ्यासमोर मातीचा गोळा हातात घेऊन कमरेच्या उंचीवरून खाली टाकला. तो चपटा झाला, पण त्याची कड कुठेही फाटली नाही. तेव्हा ते म्हणाले, “आता घे ही कामाला.” पाणी जास्त झाले तर गोळा पसरतो, कमी झाले तर फुटतो. ही कसोटी मी पुढे प्रत्येकाला दाखवतो.

सिमेंटबद्दल मात्र माझे मत कडक आहे. ओट्यासाठी, पायासाठी सिमेंट खुशाल वापरावे. घुमटात आणि तळात त्याला थारा देऊ नये. घट्ट झालेल्या सिमेंटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइड ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान विघटित होते, आणि भट्टी थंड झाल्यावर उरलेला चुना हवेतली ओल शोषून पुन्हा फुगतो. पेटवणे आणि थंड होणे हे चक्र जितके फिरेल तितका सांधा खिळखिळा होत जातो. गवंडी मंडळी कामात वाकबगार असतात, पण भिंतीची सवय असल्याने हात आपोआप सिमेंटच्या पोत्याकडे जातो. त्यांना हे आधीच समजावून सांगितले पाहिजे. तसेच नदीतले गोल गोटे आणि काळा पाषाण ओट्यात भरायला योग्य असले तरी जाळाच्या जागी लावू नयेत. ओल धरलेला दगड तापून फुटला तर त्याच्या कपच्या अंगावर उडतात.

घुमट उभारण्याची रीत अशी. तळाच्या विटांवर ओल्या वाळूचा ढीग करून त्याला आतल्या पोकळीचा आकार द्यावा: व्यास ३० इंच असेल तर उंची १६ इंच. त्यावर ओल्या वर्तमानपत्राचा एक थर चिकटवावा आणि मग मळलेल्या मातीचे गोळे तळापासून वर्तुळाकार रचत, आत न दाबता एकमेकांवर दाबत, चार इंच जाडीने न्यावेत. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के असावी, म्हणजे १६ इंचांना १० इंच. या प्रमाणाला कारण आहे. अशा भट्टीला आत धुराडे नसते. थंड हवा तोंडाच्या खालच्या भागातून आत शिरते आणि धूर त्याच तोंडाच्या वरच्या भागातून बाहेर येतो. तोंड फार बुटके झाले तर जाळ गुदमरतो, फार उंच झाले तर उष्णता ओसंडून जाते. माती अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडत नाही इतकी कडक झाली, की तोंड कापून आतली वाळू सावकाश काढून घ्यावी. वर्तमानपत्राचा थर हाताला लागला की थांबायचे. आपल्या दैनिकाचे जुने अंक या कामी उपयोगी पडतात, हे मुद्दाम कळवतो.

वाळवण्याला जितके दिवस द्याल तितके थोडेच. दिवाळीनंतर काम काढावे, म्हणजे नाशिकच्या कोरड्या थंडीत माती सावकाश वाळते; भर उन्हाळ्यात बाहेरून कडक आणि आतून ओली राहते, तेव्हा ओल्या पोत्यांनी झाकावी लागते. माती वाळली असे वाटले तरी पहिला जाळ मूठभर काड्यांचाच करावा आणि रोज थोडा थोडा वाढवावा, कारण मातीत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि घुमटाचे पापुद्रे सुटतात. पुढे केसासारख्या बारीक भेगा येतातच. त्यांची धास्ती घेऊ नये, त्याच मातीने त्या भराव्यात. पावसासाठी वर पत्र्याचे छप्पर हवेच आणि ते घुमटापासून तीन फूट तरी उंच हवे. इगतपुरीच्या मानाने शहरात पाऊस पुष्कळ कमी, पण उघड्या मातीच्या घुमटाला आषाढातली एक झडही पुरते. बाहेरून चुन्याचा पातळ गिलावा द्यावा. ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफिंगचे रसायन लावू नये, त्याने आतली ओल कोंडते.

आता वापराविषयी. लाकूड बारीक फोडलेले असावे आणि जाळ वरून पेटवावा, म्हणजे खालच्या लाकडातून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळतो. सुरुवातीला घुमट आतून काजळीने काळाकुट्ट होतो. तासाभराने अगदी माथ्यावर एक फिकट डाग उमटतो. तो रुंदावत चारी बाजूंनी खाली उतरतो आणि जिथून उतरतो तिथली काजळी जळून मातीचा मूळ रंग उघडा पडत जातो. साडेतीनशे ते चारशे अंशांच्या आसपास हे घडते, आणि फिकट रंग तळापर्यंत पोहोचला की घुमट पुरता तापला असे समजावे. मग निखारे वीस मिनिटे तळावर पसरून ठेवावेत, नंतर मागे सारावेत आणि लांब काठीला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने तळ पुसून घ्यावा. तळावर चिमूटभर पीठ भुरभुरले आणि ते अर्ध्या मिनिटात तपकिरी झाले तर पावासाठी तळ तयार आहे. लगेच काळे पडले तर थोडे थांबावे. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, तोही जवळ असावा, पण पिठाची परीक्षा कधी फसत नाही.

खरी शिस्त पुढे आहे. एकदा तापलेली भट्टी उतरत जाणारी उष्णता देते, म्हणून पदार्थांचा क्रम आधीच ठरवला पाहिजे. चारशे अंशांवर, निखारे आत असतानाच, पिझ्झा किंवा नान दीड-दोन मिनिटांत होतो, आणि भरताची वांगी निखाऱ्यांच्या कडेला ठेवली की थोड्या वेळाने सोलायला येतात. नंतर निखारे बाहेर काढून दार लावावे आणि अर्धा तास काहीही न करता उष्णता तळात व घुमटात सारखी पसरू द्यावी. २२० ते २३० अंशांवर लादी पाव सुरेख फुगतात. भट्टी भरून पाव लावले तर त्यांचीच वाफ आत कोंडते आणि वरचा पापुद्रा फाटत नाही. १७० अंशांवर नानकटाई, त्यानंतर रताळी आणि सुरण, आणि रात्री झाकणाच्या मातीच्या भांड्यात आधी उकळी आणलेले हरभरे. सकाळी उरलेल्या उबेत कढीपत्ता, टोमॅटोच्या फोडी, आणि सर्वांत शेवटी पुढच्या वेळचे लाकूड. हे लाकूड आत ठेवण्यापूर्वी एकही निखारा उरलेला नाही, याची खात्री करावी.

लाकडाबाबत मी जास्त आग्रही आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात त्याच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते, आणि दर किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे २,२६० किलोज्यूल खर्च होतात. वर धूर होतो तो वेगळा. ओल २० टक्क्यांच्या खाली यायला फोडलेल्या लाकडाला एक पूर्ण उन्हाळा द्यावा आणि मृगाच्या आत ते छपराखाली न्यावे. बाभूळ आणि सुबाभूळ यांचे निखारे टिकतात, आंब्याचे लाकूड चटकन पेटते. कण्हेर मात्र विषारी आहे, तिची काडीही जाळू नये. द्राक्षनिर्यातीमुळे आपल्या जिल्ह्यात लाकडी पॅलेट मुबलक मिळतात. त्यांवर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर ते लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असतील तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते आणि ते लाकूड अन्नाच्या भट्टीत घालता कामा नये. प्लायवुड, सनमायकाचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी यांनाही हाच नियम. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर द्राक्षबागांच्या बांधावर काड्यांचे ढीग पडतात आणि त्या फुकट मिळतात म्हणून अनेकांना मोह होतो. पण त्यांच्या सालीवर मोरचुदासह अनेक फवारण्यांचे अवशेष असतात. त्या काड्यांची कुट्टी करून जमिनीतच परत जावी. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरातून डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईकडून आपल्या हौसेसाठी लाकूड विकत घेणेही मला पटत नाही. तिच्या गावाची चूल त्या रानावर अवलंबून आहे. आणि अंगणातले झाड सरपणासाठी तोडण्याचा विचार कोणी करत असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये परवानगीशिवाय ते करता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

धुराचा प्रश्न टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचा समावेश आहे. म्हणजे आपल्या शहराची हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नव्हती. सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, आपल्या देशातील चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ असावी असे सुचवले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. रोज पेटणाऱ्या व्यावसायिक भट्टीची आणि पंधरवड्यातून एकदा पेटणाऱ्या अंगणातल्या भट्टीची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. पण प्रत्येक बंगल्यात एक भट्टी झाली तर हा फरक पुसला जाईल, हेही तितकेच खरे. हिवाळ्यात निफाडचा पारा उतरतो तेव्हा शहरावरही पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर वर जात नाही. म्हणून मार्गशीर्ष-पौषात भट्टी सकाळी मुळीच पेटवू नये. दुपारी बारानंतर, ऊन तापल्यावर पेटवावी. कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, त्यामुळे बंद पडवी, गॅरेज किंवा काचा लावलेली बाल्कनी या जागा पूर्णपणे वर्ज्य आहेत. गच्चीवर बांधण्याविषयी अनेक जण विचारतात. जाण्यायेण्याच्या गच्चीसाठी अभियंते दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात, आणि दगडी ओट्यासह भट्टीचे वजन टनात जाते. उत्तर स्पष्ट आहे.

या सर्व कारणांनी माझे म्हणणे असे, की भट्टी सामाईक असावी. वर दिलेल्या हिशेबात लाकडाचा मोठा वाटा थंड घुमट तापवण्यात जातो, पदार्थ भाजण्यात नाही. तापलेल्या भट्टीत पावाच्या एका लादीऐवजी सहा लाद्या लागल्या तरी लाकूड जवळजवळ तेवढेच लागते. दहा घरांनी दहा भट्ट्या पेटवण्याऐवजी एकच पेटवली तर लाकूड, धूर आणि श्रम या तिन्ही गोष्टी वाचतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आधी घरचे तूप, रवा, मैदा, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, तिथे फरशीवर बसून काळ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाईचे गोळे ठेवायचे आणि आपला ट्रे भट्टीतून बाहेर येईपर्यंत थांबायचे, हे माझ्या पिढीतील बहुतेकांनी पाहिले आहे. भाजणावळ किलोवर ठरलेली असे. बेकरीवाले स्वतःचे पाव निघाल्यावर उतरत्या उष्णतेत घरोघरचे ट्रे लावत. पावाला हवी ती उष्णता नानकटाईला जास्त होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी हे सगळे तेव्हा जवळून पाहिलेले आहे. भट्टीचे दार उघडून त्या हात आत धरतात, मनात काहीतरी मोजतात आणि “अजून पाच मिनिटं थांबा रे, खालून लागेल” असे सांगतात. त्यांच्या नानकटाईला वरून सारख्या भेगा पडतात, तळ फिकट बदामी राहतो आणि तुपाचा वास रस्त्याच्या पलीकडे जातो. ज्या दिवशी भट्टी पेटणार असते त्या दिवशी सकाळपासून पाच-सहा घरांत पीठ भिजते, कोणी लाकूड फोडून देतो, कोणी मुलांना तोंडापासून लांब ठेवायची जबाबदारी घेतो. पावाच्या लादीला कोणाचे पीठ जास्त आंबले होते यावर भरपूर चर्चा होते.

महापालिकेला माझी नम्र सूचना आहे, की एखाद्या मोठ्या उद्यानाच्या किंवा समाजमंदिराच्या मोकळ्या आवारात, घरांपासून पुरेसे अंतर ठेवून, अशी एक सामाईक भट्टी प्रायोगिक तत्त्वावर बांधू द्यावी. तिला छप्पर, सरपणासाठी कोरडी खोली, पाण्याची व वाळूची बादली आणि पेटवण्याचे ठरलेले दिवस व वेळ असावी. शहरातील झाडांच्या छाटणीत निघणाऱ्या जाड फांद्या फोडून वर्षभर वाळवल्या तर इंधनासाठी वेगळे लाकूड आणावे लागणार नाही. बांधकामासाठी जुन्या नाशकातील कुंभार कारागिरांना मोबदला देऊन बोलवावे. मातीची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही. आणि ज्या वाचकांनी घरी भट्टी बांधायचे ठरवलेच आहे, त्यांनी ओटा बांधण्याआधी शेजाऱ्यांना विचारावे, वाऱ्याची दिशा पाहावी आणि निदान चार घरे सोबत घ्यावीत. यंदाची दिवाळी झाल्याबरोबर माती बरणीत घालून पाहिली, तर मार्चअखेर पहिली लादी निघू शकते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक,
मखमलाबाद, नाशिक